२०१२ साली बाबांनी लडाखमध्ये पाहिलेले दिवे खरंच ग्रह होते का?

कृष्णाकाठची · ११ डिसेंबर २०२४, रात्री

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण थोडक्यात विचारला तर अर्धाच कळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझे बाबा फौजेत होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी गेले. २०१२ साली ते लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या अंगाला होते. हिवाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा चुलीपाशी बसून त्यांनी आईला आणि मला एक गोष्ट सांगितली. पलीकडच्या, म्हणजे चीनच्या बाजूच्या डोंगराआडून रोज रात्री एक पिवळसर दिवा वर यायचा. आवाज नाही, लुकलुकणं नाही. तासन् तास हळूहळू वर सरकत राहायचा. पहाटे दुसरा यायचा, तो पहिल्यापेक्षा झगझगीत. वर कळवलं होतं, रडार आणून लावलं होतं, पण रडारवर काही दिसलं नाही. बाबा फार बोलणारे नव्हते. त्या रात्री मात्र बोलले.

पुढे २०१३च्या जुलैमध्ये पेपरात बातमी आली की ते दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र. बाबा तेव्हा गावीच होते. भावकीतल्या एकाने पारावर सगळ्यांसमोर ती बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, आपल्या जवानांना शुक्राची चांदणीपण ओळखता येत नाही. लोक हसले. बाबा उठून घरी आले, म्हशीला वैरण टाकली, आणि तो विषय त्यांनी परत कधी काढला नाही.

आता न्यू जर्सीत रात्री दिसणाऱ्या ड्रोनच्या बातम्या चालू आहेत. त्यावरून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी "सुभेदारांचे दिवे अमेरिकेत पोचले" असं लिहिलं. आई ग्रुपवर आहे. तिने वाचलं.

मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ते खरंच ग्रह होते का? आणि असतील, तर वीस-बावीस वर्षं रात्रीचे पहारे केलेल्या माणसाला ते कसे ओळखू आले नाहीत?

---

रोहिणी_मृग · १२ डिसेंबर, सकाळ

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि तेवढीच वर्षं मुलांना रात्री आकाश दाखवलं.

हो, ग्रहच होते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सैन्याने अशा ३२९ नोंदी केल्या होत्या, आणि त्यांतल्या १५५ वेळा ती वस्तू आपल्या हद्दीत आली असं लिहिलं होतं. नंतर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारणा झाली. याच संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण लडाखमध्येच हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. त्यांनी वेळा आणि दिशा तपासून सांगितलं की एक गुरू आहे आणि दुसरा शुक्र.

आता त्या वर्षीचं आकाश बघा. शुक्र १५ ऑगस्ट २०१२ला सूर्यापासून जास्तीत जास्त लांब, पहाटेच्या आकाशात होता आणि वर्षाअखेरपर्यंत पहाटेच दिसत राहिला. गुरू वृषभ राशीत, रोहिणीच्या जवळ होता. ऑगस्टमध्ये तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवायचा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या पुढे, आणि ३ डिसेंबरला बरोबर सूर्याच्या समोर आला. म्हणजे सूर्य मावळताना गुरू उगवणार. बाबांनी सांगितलेलं "रात्री एक, पहाटे एक, पहाटेचा जास्त झगझगीत" हे त्या वर्षीच्या पंचांगाशी तंतोतंत जुळतं. त्यांचं पाहणं चुकलेलं नव्हतं. त्या दिव्याला नाव काय द्यायचं, तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या प्रश्नाला फौजेतलाच माणूस हवा.

---

देवळालीचा_हवालदार · १२ डिसेंबर, दुपार

पोरी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. आधी एक सांगतो. बाबांचं युनिट, पोस्टचं नाव, सोबतच्यांची नावं इथे लिहू नकोस. बारा वर्षं झाली तरी नको. लिहिली नाहीस ते बरं केलंस.

मी तोफखान्यातला. देवळालीला सर्वे शिकलो. सर्वेवाल्याचं काम म्हणजे तोफ नेमकी कुठे उभी आहे आणि नेमक्या कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे काढून देणं. त्यासाठी रात्री थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून ध्रुवावरून, ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकवत. त्यामुळे तारे मला नावानिशी ठाऊक झाले. पण हे सगळ्या फौजेला शिकवत नाहीत. पायदळातल्या जवानाला सप्तर्षीवरून ध्रुव काढता येतो, उत्तर सापडते, आणि त्याच्या कामाला तेवढं पुरतं. गुरू आज किती वाजता उगवणार हे त्याला कोणी सांगत नाही. तू शहरातल्या दहा शिकलेल्या माणसांना गच्चीवर नेऊन गुरू दाखवायला सांग, बघ किती जण दाखवतात.

आता तिथली जागा कशी असते ते सांगतो, कारण पारावर बसून ती कळत नाही. मी त्या भागात त्याच्या बऱ्याच आधी होतो, पण डोंगर तेच. पँगाँगचं पाणीच चौदा हजार फुटांवर आहे. हवा विरळ आणि कोरडी, धूळ नाही, खाली एक दिवा नाही. आपल्याकडे तारा क्षितिजाजवळ असला की धुरकटात मळका दिसतो, वर येता येता उजळतो. तिथे तसं होत नाही. डोंगराच्या काळ्या कडेमागून गुरू निघतो तोच पूर्ण तेजाने. एका क्षणी काही नाही आणि दुसऱ्या क्षणी कोणीतरी बत्ती पेटवून कड्यावर ठेवल्यासारखा. मला तारे माहीत होते, तरी पहिल्या वेळी माझा हात रेडिओकडे गेला होता.

वर ती कड कोणाची? पलीकडच्यांची. तुझ्या बाबांना तिथे उभं केलं होतं ते त्याच बाजूला बघायला. ज्या बाजूने धोका येणार, त्याच बाजूने रोज एक दिवा वर चढतो आणि तास-दोन तासांत डोक्याच्या दिशेने सरकतो. म्हणजे "आपल्या हद्दीत" येतो. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. मूठ हातभर पुढे धरली तर ती दहा अंशांची. म्हणजे तासाला दीड मूठ. बारकाईने बघणाऱ्याला ही चाल सहज कळते. जो पहारा नीट करतो त्यालाच ती कळते. जो बुखारीपाशी (शेगडीपाशी) बसून राहतो त्याला काहीच दिसत नाही, आणि त्याची नोंदही होत नाही.

आणखी एक. काळ्याकुट्ट अंधारात एकच उजेडाचा ठिपका एकटक बघत राहिलं की तो डावी-उजवीकडे हलल्यासारखा वाटू लागतो. हा डोळ्याचा धर्म आहे, उणे वीसमध्ये तर डोळ्यांत पाणीही येतं. आम्ही त्यावर दोन काठ्या रोवायचो. एक जवळ, एक दहा पावलांवर, आणि त्या रेषेत ठिपका धरायचा. मग खरी चाल आणि डोळ्याची चाल वेगळी होते.

"चार-पाच तास दिसायचा आणि नाहीसा व्हायचा" असंही तेव्हा छापून आलं होतं. तेही साधं आहे. कड्याजवळ असताना तो एकटा असतो, मापायला डोंगर असतो. वर गेला की हजार ताऱ्यांत मिसळतो आणि संत्रीही, म्हणजे पहारेकरीही, बदललेला असतो.

संत्रीचं काम दिव्याला नाव द्यायचं नाही. वेळ, दिशा, उंची, किती वेळ दिसला, हे लिहायचं आणि वर कळवायचं. ओळखण्याचं काम पुढच्याचं. तीनशे एकोणतीस वेळा कोणीतरी हातमोजा काढून पेन्सिल धरली आणि वेळ लिहिली. त्या वेळा होत्या म्हणूनच बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांना तपासायला काहीतरी मिळालं. "साहेब, काहीतरी दिसलं होतं" एवढ्यावर जगातला कुठलाही खगोलशास्त्रज्ञ काही सांगू शकला नसता. तुझ्या बाबांना हसणाऱ्यांना हे कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

---

प्रश्नचिन्ह · १२ डिसेंबर, संध्याकाळ

काकांबद्दल आदर आहे, पण एक पटत नाही. रडार आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर (रेडिओ लहरी टिपणारं यंत्र) लावले होते, एक मानवरहित विमानही पाठवलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. इतकं करूनही ग्रह आहे हे कळायला वर्ष कसं लागलं? ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१२मध्ये तर डीआरडीओलाही ओळखता येत नाही असं छापून आलं होतं. सरळ एखाद्या हौशी आकाशनिरीक्षकाला फोन केला असता तर?

---

देवळालीचा_हवालदार · १२ डिसेंबर, रात्री

प्रश्न रास्त आहे. रडार लाट सोडतं आणि आपटून परत आलेली लाट ऐकतं. त्या डिसेंबरात गुरू सुमारे ६१ कोटी किलोमीटरवर होता. प्रकाशाच्या वेगाने गेलेली लाट तिथून परत यायला तासाहून जास्त वेळ लागणार. शे-दोनशे किलोमीटरसाठी बनवलेल्या रडारवर तिथे काय उमटणार? विमानाचंही तेच. दिव्याच्या दिशेने कितीही वर चढलं तरी तो तेवढाच लांब. पण "रडारवर येत नाही" याचा अर्थ त्या वेळी, त्या सीमेवर, "धातूचा नाही, म्हणजे नवीन काहीतरी आहे" असा लागणं मला समजू शकतं. छोटी, प्लास्टिकच्या अंगाची ड्रोन तेव्हा नुकती येत होती. आणि एप्रिल २०१३मध्ये लडाखमधल्याच देपसांगला चिनी तंबू उभे राहिले, तीन आठवडे दोन्ही फौजा समोरासमोर होत्या, हेही विसरू नका. तिथला माणूस हवेत संशय घेत नव्हता.

फोनचं म्हणाल, तर खरं आहे, आकाश ओळखणारा माणूस साखळीत लवकर यायला हवा होता. ती उणीव होती. पण ती पोस्टवरच्या जवानाची नव्हती, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे.

आकाशात बघून फसलेली आपलीच फौज नाही. फेब्रुवारी १९४२मध्ये लॉस एंजेलिसवर रात्री जपानी विमानं आली असं समजून अमेरिकेच्या विमानभेदी तोफांनी चौदाशेवर गोळे झाडले. विमान एकही नव्हतं. त्यांच्या हवाईदलाने पुढे १९५२पासून १९६९पर्यंत अशा दिव्यांचा तपास चालवला, त्याचं नाव प्रोजेक्ट ब्लू बुक. १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांतल्या ७०१ शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत. बाकीच्यांत ग्रह-तारे, फुगे, विमानं भरपूर निघाली. तिथे तर सल्ल्याला खगोलशास्त्राचा प्राध्यापक नेमलेला होता.

---

सिंदेवाहीकर · १३ डिसेंबर, सकाळ

ताई, हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आम्ही अंगणात होतो. आभाळातून जळत्या ठिणग्यांची रांगच्या रांग सरकत गेली, उल्केसारखी झर्रकन नाही, सावकाश. माझ्या म्हाताऱ्या आईने हात जोडले, पोरं ओरडत पळाली. नंतर आमच्याच तालुक्यात लाडबोरीला लोखंडी कड्यासारखं मोठं चक्र शेतशिवारात पडलेलं सापडलं, दुसरीकडे धातूचे गोळे मिळाले. इस्रोचे लोक येऊन बघून गेले. चिनी रॉकेटचे अवशेष म्हणून सांगितलं गेलं. त्या दिवशी कोणी म्हणालं असतं की "काही नाही, ग्रह असेल", तर तोही चुकलाच असता. आधी लिहून ठेवणं बरं, हे हवालदारकाकांचं मला पटलं.

---

एडिसनवासी · १३ डिसेंबर, रात्री

मी न्यू जर्सीतच राहतो. गेले तीन आठवडे शेजारीपाजारी सगळे रात्री माना वर करून उभे असतात. काल इथल्या एफबीआयने आणि गृहसुरक्षा खात्याने सांगितलं की तपासलेल्यांतली बरीच साधी, परवानगीने उडणारी विमानं निघाली. माझ्या शेजाऱ्याने परवा मोठ्या काळजीने मला एक "ड्रोन" दाखवला. पूर्वेला, पिवळसर, स्थिर. तो गुरू होता. ताईंच्या बाबांनी बारा वर्षांपूर्वी पाहिला तोच.

---

रोहिणी_मृग · १३ डिसेंबर, रात्री

एडिसनवासी, शब्दशः तोच, आणि जागाही तीच! गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. सिंहस्थ आणि कन्यागत बारा वर्षांनी येतात ते याच हिशेबाने. म्हणून २०१२च्या हिवाळ्यात वृषभेत असलेला गुरू आत्ता पुन्हा वृषभेत आहे. या ७ डिसेंबरला तो सूर्यासमोर आला. ताई, तुम्ही आज संध्याकाळी पूर्वेला बघितलंत तर बाबांनी पाहिलेला दिवा त्याच ताऱ्यांमध्ये दिसेल. लालसर ठिपका शेजारी दिसेल, ती रोहिणी.

---

कृष्णाकाठची · १४ डिसेंबर, दुपार

सगळ्यांचे आभार. हवालदारकाका, तुमचं पहिलं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली आणि बाबांची ट्रंक उघडली.

ट्रंकेत एक खिशातली डायरी निघाली. घरच्या हिशेबाची, पगार किती पाठवला, कोणाचे पैसे द्यायचे. काकांनी सांगितल्याप्रमाणे जागेचं काही लिहीत नाही, आणि तिच्यात ते नाहीही. पण मागच्या पानांवर बारीक अक्षरात चार ओळी आहेत. जशाच्या तशा देते.

३ ऑक्टो. – २१४५. कड्यावरून. पूर्व, थोडा ईशान्येला. दुसरा पहाटे ०३३०.
८ ऑक्टो. – २१२५. तीच जागा.
१३ ऑक्टो. – २१०५. तीच जागा. रोज लवकर येतो.
२८ नोव्हें. – १७५०. पौर्णिमा. चंद्र पुढे, हा मागे. पहाटेपर्यंत चंद्राजवळ गेला.

"रोज लवकर येतो" याखाली रेघ ओढली आहे. यावरून काही कळतं का?

---

रोहिणी_मृग · १४ डिसेंबर, संध्याकाळ

ताई, मी हे वही घेऊन मांडलं, दोनदा. हात थरथरत होता म्हणून दोनदा.

तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. पाच दिवसांत वीस मिनिटं. बाबांची पहिली नोंद २१४५, पाच दिवसांनी २१२५, आणखी पाच दिवसांनी २१०५. ड्रोन उडवणारा माणूस रोज चार मिनिटं लवकर आणि त्याच कड्यावरून ड्रोन सोडत नाही. हे फक्त आकाश करतं. "रोज लवकर येतो" या ओळीत सगळं उत्तर आहे, आणि ती १३ ऑक्टोबर २०१२ची आहे. पेपरात बातमी आली त्याच्या नऊ महिने आधीची.

पुढचं त्याहून सुंदर आहे. १३ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर, सेहेचाळीस दिवस. चार मिनिटांनी १८४ मिनिटं होतात. बाबांच्या नोंदीत १९५ आहेत, अकरा मिनिटं जास्त. ती चूक नाही. गुरू ४ ऑक्टोबरला वक्री झाला होता, म्हणजे ताऱ्यांमध्ये मागे सरकत होता, त्यामुळे ताऱ्यांपेक्षाही थोडा जास्तच लवकर उगवणार. ताऱ्याला वक्री गती नसते. ती अकरा मिनिटं सांगतात की हा तारा नाही, ग्रह आहे.

२८ नोव्हेंबर २०१२ला कार्तिकी पौर्णिमा होती. चंद्र त्या संध्याकाळी गुरूच्या पुढे होता आणि रात्रभर पूर्वेकडे सरकत पहाटेपर्यंत त्याच्या जवळ गेला. चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, तेवढं त्यांनी पाहिलं. आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटेचा साडेतीनचा दुसरा दिवा म्हणजे शुक्र, डोंगराची उंची धरली की वेळ बसते.

आणि आज १४ तारीख आहे, दत्तजयंती. आजही चंद्र गुरूच्या पुढे आहे आणि रात्री त्याच्या जवळ जाणार आहे. जमलं तर बघा.

---

देवळालीचा_हवालदार · १४ डिसेंबर, रात्री

पोरी, ती डायरी जपून ठेव. अकरा मिनिटं उघड्या डोळ्याने पकडणारा माणूस माझ्या तुकडीत असता तर मी त्याला थिओडोलाइट दिला असता.

---

कृष्णाकाठची · १५ डिसेंबर, सकाळ

दत्ताचं दर्शन झाल्यावर आईला गच्चीवर नेलं. पूर्वेला चंद्र होता आणि खाली, जरा मागे, तो होता. आईने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि विचारलं, "एवढाच?" मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "तिकडे थंडी फार असायची, सांगायचे." आम्ही खाली येऊन जेवलो. झोपायच्या आधी मी परत वर गेले तेव्हा दोघांतलं अंतर कमी झालं होतं. डायरी घेऊन पहाटे चारचा गजर लावला, उठले, आणि पाचव्या ओळीत वेळ लिहिली: १५ डिसें. – ०४१०. चंद्राजवळ.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या पानाचा फोटो आईने स्वतः टाकला. खाली काही लिहिलं नाही.